सेनासाहेब सुभा श्रीमंत रघूजीराजे भोसले व त्यांची फिरंग

नागपूर शहराच्या इतिहासात ज्या पुरुषाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या श्रीमंत रघूजीराजे भोसले (पहिले) यांच्या चरित्राचा अल्प परिचय या वर्षीच्या स्मरणिकेत करून देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास निमित्तही तसेच घडले. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील सदबीज या लिलावगृहात रघूजीराजांचे नाव असलेली एक तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मध्यस्थामार्फत विकत घेतली. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस पोहोचली. नागपूरकर भोसल्यांचे शस्त्र परक्या बाजारात मोल देऊन सोडवून आणावे लागले, याचा आनंद मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांस मात्र यातून एक निराळाच विचार सुचला.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत जुनी तलवार, कट्यार, बिचवा अथवा खंजीर असतो. खंडेनवमीस त्याची पूजा होते आणि वर्षभर तो माळ्यावर पडून राहतो. अलीकडे जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे रसिक गावोगाव आढळतात. अशा एखाद्या स्नेह्यास भेट द्यावयाची झाल्यास कोणते शस्त्र निवडावे, त्यात काय पाहावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर शस्त्राच्या लांबीरुंदीत अथवा मुठीवरील सोन्यात शोधू गेल्यास ते अर्धेच सापडते. उरलेला अर्धा भाग ज्याने ते शस्त्र बाळगले त्याच्या आयुष्यात असतो. म्हणून आधी चरित्र, मग तलवार, असा क्रम आम्ही ठेविला आहे.

भोसल्यांचे हे घराणे मूळचे पुणे प्रांतातील हिंगणीचे. मुधोजी व रूपाजी हे बंधू या घराण्याचे ज्ञात पूर्वज होत. मुधोजींचे पुत्र परसोजी यांनी वऱ्हाड प्रांती पराक्रम गाजविला. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा ते खरे शाहू होत किंवा नव्हेत याविषयी पुष्कळांचे मन साशंक होते. अशा समयी परसोजींनी त्यांच्या ताटात जेवून तो संशय दूर केला. या निष्ठेचे फळ म्हणून सेनासाहेब सुभा ही पदवी या घराण्यात आली. परसोजींच्या पश्चात त्यांचे पुत्र कान्होजी यांजकडे ती चालू राहिली.

रघूजी हे परसोजींचे बंधू बापूजी यांचे नातू व बिंबाजींचे पुत्र. त्यांचा जन्म १६९५ च्या सुमारास झाला. वाईजवळील पांडववाडी येथे रामभक्त रामाजीपंत कोल्हटकर यांच्या आशीर्वादाने पुत्र झाला म्हणून त्याचे नाव रघूजी ठेविले, अशी परंपरा आहे. याच कोल्हटकर घराण्यातील भास्कर राम पुढे रघूजींचा उजवा हात ठरला. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने आई काशीबाई व आजी बयाबाई यांनी मुलास वाढविले. कान्होजींस त्या वेळी संतान नव्हते. त्यांनी रघूजींस आपल्या भाम या ठाण्यावर बोलावून घेतले. पुढे कान्होजींस पुत्र झाला आणि चुलत्यापुतण्यात अंतर पडले. रघूजी मूठभर स्वारांनिशी बाहेर पडले. काही काळ देवगडच्या चांदसुलतानाकडे, काही काळ एलिचपूरकडे त्यांनी चाकरी केली आणि शेवटी ते साताऱ्यास शाहू महाराजांच्या पायाशी आले.

साताऱ्यास त्यांचा भाग्योदय झाला. शिकारीत महाराजांवर चालून आलेल्या वाघापासून रघूजींनी त्यांचे रक्षण केले, असे बखरी सांगतात. शिर्के घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह होऊन ते महाराजांचे साडू झाले. इकडे कान्होजी दरबारची आज्ञा जुमानीनासे झाले, तेव्हा त्यांच्यावर जाण्याचे काम रघूजींकडेच आले. वणीजवळ मंदर येथे कान्होजींचा पाडाव होऊन त्यांस साताऱ्यास नेण्यात आले व तेथेच त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. ज्या चुलत्याने आश्रय दिला त्याच्यावरच शस्त्र उचलून रघूजी पदास चढले, ही गोष्ट चरित्रकाराने झाकू नये. त्या काळच्या राजकारणात असे प्रसंग अनेक घराण्यांत घडले. तरी त्याचा सल कोणत्याही घरास लागल्यावाचून राहत नाही. सेनासाहेब सुभा ही पदवी अशा रीतीने रघूजींकडे आली.

१७४० साली फत्तेसिंह भोसले यांच्यासह रघूजी कर्नाटकात उतरले. २० मे १७४० रोजी दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली याच्याशी गाठ पडून तो रणात पडला. पुढे त्रिचनापल्लीस वेढा बसला आणि २६ मार्च १७४१ रोजी नवाबाचा जावई चंदासाहेब शरण आला. त्यास कैद करून साताऱ्यास धाडण्यात आले व तेथे तो सुमारे सात वर्षे अडकून पडला. त्रिचनापल्लीचे ठाणे मुरारराव घोरपडे यांच्या स्वाधीन झाले. ज्या काळी नर्मदेच्या उत्तरेस मराठी सत्तेचा डंका वाजत होता, त्याच काळी कावेरीच्या तीरावर हे यश मिळाले, हे विसरता कामा नये.

याच स्वारीतील एक प्रसंग आमच्या विषयास जवळचा आहे. चंदासाहेबाच्या कुटुंबास पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी आश्रय दिला होता. ते कुटुंब व खंडणी यांची मागणी घेऊन रघूजींचा वकील फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याजकडे गेला. द्यूमाने मागणी नाकारली. परंतु वकिलास तटबंदी, तोफा व कवायती पलटण दाखविली आणि परत जाताना फ्रान्सातील सुगंधी गोड मद्याच्या दहा बाटल्या भेट म्हणून दिल्या. त्या रघूजींच्या अंतःपुरात पोहोचल्या, तेथे अतिशय आवडल्या, आणखी बाटल्यांची मागणी झाली व त्यामुळे फ्रेंचांविषयीचा राग निवळण्यास साहाय्य झाले, असे फ्रेंचांच्या इतिहासात नमूद आहे. तटावरील तोफांनीही आपले काम केले असणारच. परंतु घेणारा कोण, त्याच्या घरी कोणास काय रुचेल, हे ओळखून दिलेली लहान भेट कधी कधी मोठ्या नजराण्याहून अधिक काम करते, एवढे यावरून दिसते. पुढे तलवारीच्या भेटीविषयी बोलताना हे तत्त्व उपयोगी पडेल.

आता नागपूरकडे वळू. हे शहर देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०२ च्या सुमारास वसविले. त्याचा पुत्र चांदसुलतान याने त्यास तट व तलाव दिले. चांदसुलतानाच्या मृत्यूनंतर वलीशाहाने गादी बळकाविली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या रक्षणासाठी रघूजींस पाचारण केले. रघूजींनी वलीशाहाचा पराभव करून राणीच्या पुत्रांस गादीवर बसविले आणि मोबदल्यात मोठी रक्कम व राज्यात हिस्सा मिळविला. पुढे बुऱ्हाणशाह व अकबरशाह या भावांत कलह माजला. रघूजींनी बुऱ्हाणशाहाचा पक्ष घेतला, अकबरशाहास देशत्याग करावा लागला आणि राज्याचा कारभार रघूजींच्या हाती आला. १७४३ साली त्यांनी नागपूर ही आपली राजधानी केली. बुऱ्हाणशाहास राजा हा मान व तनखा देऊन नागपुरातच ठेविले. भोसल्यांच्या राज्यारोहणप्रसंगी टिळा लावण्याचा मान गोंड राजाच्या घराण्याकडे राहिला. रक्षणास आलेला पाहुणा घरधनी झाला, असेही म्हणता येईल. तथापि मूळ धन्याचे नाव व प्रतिष्ठा पुसून टाकली नाही, हेही तितकेच खरे होय. नागपूरचा अभिमान बाळगताना बख्तबुलंदाचे स्मरण सोडू नये, असे आम्हांस वाटते.

रघूजींच्या पराक्रमाचे सर्वांत विस्तृत क्षेत्र म्हणजे बंगाल, बिहार व ओरिसा. १७४२ साली भास्कर राम कोल्हटकर बंगाल्यात शिरले. नवाब अलिवर्दीखान याने त्या वर्षी त्यांस मागे रेटले. पुढील वर्षी रघूजी स्वतः गेले. परंतु नवाबाने पेशवे नानासाहेब यांच्याशी संधान बांधले आणि मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर आल्या. शेवटी १७४३ च्या ऑगस्टात शाहू महाराजांनी मध्ये पडून पूर्वेकडील प्रांत रघूजींकडे लावून दिले. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे अलिवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी भास्करपंतांस आपल्या छावणीत बोलाविले व त्यांस एकवीस सरदारांसह दग्याने ठार केले. हा घाव रघूजींच्या जिव्हारी लागला. १७४५ साली ते पुन्हा गेले, कटक हस्तगत झाले आणि झुंज चालूच राहिली. १७५१ च्या तहाने अलिवर्दीने ओरिसाचा वसूल सोडून दिला व बंगालची चौथ म्हणून दरसाल बारा लक्ष रुपये देण्याचे मान्य केले. याच काळात छत्तीसगडावर अंमल बसला व चांद्याचे राज्यही भोसल्यांकडे आले.

येथे आम्हांस थोडे थांबले पाहिजे. बंगाल्यात या स्वाऱ्यांची आठवण निराळी आहे. बारगीर या शब्दापासून झालेले वर्गी हे नाव तेथे भीतीचे झाले. मुलांस निजविताना आया ते घेत. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणला, तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला. गंगाराम या बंगाली कवीच्या महाराष्ट्र पुराणात गावे जाळल्याची, रयतेस लुटल्याची व स्त्रियांवरील अत्याचारांची वर्णने आहेत. शत्रुपक्षाने अतिशयोक्ती केली असे म्हणून ही सारी साक्ष फेटाळता येत नाही. ज्या तहाने बारा लक्ष मिळाले त्यामागे त्या रयतेचे अश्रू होते. पूर्वजांचे मोठेपण सांगताना त्यांच्या हातून झालेला अन्याय सांगण्याचे धैर्य वारसांनी दाखविले पाहिजे. तसे केल्यानेच बाकीच्या स्तुतीस वजन येते.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. महाराणी ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजे हे खरोखर त्यांचे नातू आहेत काय, असा वाद उठला. तेव्हा ताराबाईंनी भोसले भाऊबंदांसमोर रामराजांसह एका पंक्तीस जेवून शपथपूर्वक खात्री द्यावी, असा आग्रह रघूजींनी धरला व तसे झाल्यावर मान्यता दिली. ज्या घराण्याचा उदय शाहू महाराजांच्या ताटात जेवून झाला, त्याच घराण्याच्या पुढल्या पुरुषाने तीच कसोटी लावावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपुरात रघूजीराजांचे देहावसान झाले. जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी हे त्यांचे पुत्र होत. जानोजींकडे सेनासाहेब सुभा हे पद आले, मुधोजींकडे चांदा व पुढे बिंबाजींकडे छत्तीसगड आले.

पुढील शंभर वर्षांचा वृत्तांत थोडक्यात असा. १८०३ साली अडगावच्या लढाईनंतर देवगावच्या तहाने कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकले गेले. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपुरातून जी लूट नेली अथवा ज्या भेटी स्वीकारल्या, त्यांतच ही तलवार गेली असावी, असा महाराष्ट्र शासनाने तर्क व्यक्त केला आहे. लूट असो वा भेट, तिजबरोबर तिची कहाणी मात्र कोणी लिहून दिलेली नाही. दोन शतकांच्या प्रवासाचा कागद नसल्यामुळे आज तर्कावर भिस्त ठेवावी लागते.

सुदैवाने ही तलवार स्वतः थोडे बोलते. तिचे पाते सरळ, एकधारी व युरोपात घडविलेले आहे. असे परदेशी पाते पोर्तुगीज आदी व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर येई आणि त्यावरून तलवारीस फिरंग अथवा फिरंगी हे नाव पडले. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची आहे व तिजवर सोन्याची नक्षी आहे. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघोजी भोसले हे नाव, सेनासाहेब सुभा ही पदवी व शेवटी फिरंग हा शब्द कोरलेला आहे. मराठ्यांची बहुतेक शस्त्रे साधी असत. त्यांवर नक्षी अथवा मालकाचे नाव क्वचितच आढळते. म्हणून हिचे महत्त्व विशेष होय. पदवी कोरलेली असल्याने हा लेख ती पदवी मिळाल्यानंतरचा, म्हणजे कान्होजींच्या पाडावानंतरचा, हेही उघड होते. चरित्र ठाऊक असल्यावाचून त्या चार अक्षरांचा हा अर्थ लागला असता काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संग्राहकास शस्त्र भेट देणाऱ्याने प्रथम त्याचा संग्रह पाहावा. कोणी कट्यारी जमवितो, कोणी तलवारी, कोणी स्वयंपाकघरातील सुऱ्या व अडकित्ते. ज्याच्याकडे दहा तलवारी आहेत त्यास अकरावी देण्यापेक्षा त्याच्या आवडीच्या प्रकारातील, परंतु त्याजपाशी नसलेली एखादी लहानशी कट्यार अधिक आनंद देईल. दुसरे, पाते व मूठ निरनिराळ्या देशांची दिसली म्हणून शस्त्र खोटे ठरवू नये. रघूजीराजांच्या फिरंगीप्रमाणेच पुष्कळ जुन्या कट्यारींतही मोडलेल्या परदेशी तलवारीचा तुकडा बसविलेला आढळतो; आपल्या कारागिरांची ती नेहमीची रीत होती. तिसरे, थोर पुरुषाचे नाव दिसताच भुलू नये. मागाहून नाव कोरणे कठीण नाही आणि अशी शस्त्रे बाजारात पुष्कळ फिरतात. अक्षरांची वळणे, पदवीचा काळ व सोन्याची झीज यांचा मेळ बसतो की नाही, हे जाणकारास दाखवावे. चौथे, भेट देण्यापूर्वी शस्त्र लखलखीत करण्याच्या हौसेने ते घासू नये. सोन्याचे बारीक काम व पात्याचा जुना रंग एकदा गेला की पुन्हा येत नाही. मऊ फडक्याने धूळ पुसून हलका तेलाचा हात द्यावा, इतकेच पुरे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शस्त्राबरोबर एक कागद द्यावा. ते कोणत्या गावच्या, कोणत्या घरातून आले, किती पिढ्या राहिले, कोणी बाळगले, याची नोंद त्यावर करावी. जे ऐकीव असेल त्यापुढे ऐकीव असे लिहावे. तसेच शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हे ध्यानात ठेवून परदेशस्थ आप्तांस असली भेट देण्याचा मोह टाळावा. त्यांस द्यावयाचेच असेल तर आपल्याकडील चांगल्या कारागिराकडून नवी सुरी अथवा अडकित्ता करवून द्यावा. तोही शंभर वर्षांनी जुना होईल.

ज्या घरात एकच शस्त्र आहे व त्याची पूजा अजून चालू आहे, त्यांनी ते संग्राहकास देण्याची घाई करू नये, असे आमचे नम्र मत आहे. परंतु जेथे ते गंजत पडले आहे, पुढील पिढीस त्याचे नावही ठाऊक नाही, तेथे जाणत्या संग्राहकाच्या अथवा वस्तुसंग्रहालयाच्या हाती ते जाणे हेच इष्ट. देताना मनात संकोच नसावा. लेखी कहाणी मात्र अवश्य असावी. ती नसेल तर आपल्या पणतूस आपलीच वस्तू कोणा लिलावाच्या यादीत ओळखता येणार नाही.

रघूजीराजांनी परक्या देशचे पाते पारखून घेतले, त्यास आपल्या मातीची मूठ बसविली आणि वर आपले नाव घातले. त्या नावामुळेच ते शस्त्र पावणेतीनशे वर्षांनी ओळखले गेले. त्यांचा पराक्रम, त्यांची राजनीती, बंगालच्या रयतेचे दुःख आणि नागपूरचे वैभव, ही सर्व त्या नावाच्या मागे उभी आहेत व ती सारी आपणांस स्वीकारली पाहिजेत. येत्या खंडेनवमीस घरातील शस्त्र पुजावयास काढाल, तेव्हा वडीलधाऱ्यांस त्याची हकीकत विचारून ती वहीत उतरून घ्यावी, एवढी विनंती करून आणि सेनासाहेब सुभा श्रीमंत रघूजीराजांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही हा लेख पुरा करतो.